शोधावे, पण उकरू नये

सुटीचे दिवस आले की माळव्यातील मराठी घरांत पाहुण्यांचा राबता सुरू होतो. पुण्याची मावशी, नागपूरचे काका, ग्वाल्हेरची आतेभावंडे यांना उज्जैन, ओंकारेश्वर आणि मांडू दाखविले, निघताना शेवेची पुडी हातावर ठेवली, की यजमानाचे कर्तव्य पार पडत असे. अलीकडे मात्र पाहुण्यांत एक नवी जात दाखल झाली आहे. परदेशात वाढलेली किंवा मुंबई-बंगळूरकडे नोकरीस असलेली ही तरुण मंडळी चहाचा पेला हाती घेतात न घेतात तोच भ्रमणध्वनीवरील नकाशा उघडून विचारतात, "इथे जवळपास कॅश कुठे आहे?" त्यावर घरातील आजी सांगते, "अरे, कोपऱ्यावर बँक आहे की!" दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात; पण संभाषण पुढे सरकत नाही.

धार आणि देवास येथील काही वाचक-भगिनींनी याच संदर्भात आम्हांस विचारणा केली आहे. असे पाहुणे आले तर त्यांना आपल्या गावात न्यावे तरी कोठे, असा त्यांचा प्रश्न आहे. आजचे सदर आम्ही त्या प्रश्नासाठी राखून ठेवले आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगणे प्राप्त आहे. उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील स्थान दाखविणारी जी.पी.एस. यंत्रणा अमेरिकन सरकारची. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत त्या सरकारने मुद्दाम थोडी अशुद्धता ठेवली होती. ती मे २०००च्या आरंभी काढून टाकण्यात आली, आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्रही पुष्कळच अचूक स्थान दाखवू लागले. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या रानात, एका गृहस्थाने काही किरकोळ वस्तू आणि एक नोंदवही घालून बादली ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. यातूनच 'जिओकॅशिंग' हा खेळ जन्मास आला. कोणी तरी डबा दडवावा, त्याचे स्थान सांगावे. दुसऱ्याने तो शोधावा, वहीत नाव लिहावे, आतली एखादी वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबा होता तेथेच परत ठेवून द्यावा. डबा जमिनीत पुरू नये आणि जागेच्या मालकाची संमती असावी, हेही या खेळाचे नियम आहेत.

या खेळातील डबे नकाशावर दिसतात, तेव्हा ते शोधण्यास पाहुण्यांना आपली गरज नाही. आपली गरज आहे ती वेगळ्या ठेवींसाठी. या खेळातच बिनडब्याच्या ठेवींचाही एक प्रकार आहे. तेथे काही दडविलेले नसते; त्या स्थळी जाऊन, नीट पाहून, एका प्रश्नाचे उत्तर आणायचे असते. आमच्या मते धार आणि देवास या दोन गावांना हाच प्रकार शोभतो. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण कायद्याचे. १८७८चा निखात-निधीचा कायदा सांगतो की, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू ज्याला सापडेल त्याने ती जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविली पाहिजे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूस इजा पोहोचविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय हल्लीच्या दिवसांत एखाद्या जुन्या भिंतीच्या फटीत बेवारस डबा आढळला तर तो उघडण्यास खेळगडी येण्यापूर्वी पोलीस येतील, हे सांगायला नको.

दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या प्रदेशात गुप्तधनाचे वेड जुने आहे. कोठे शिलालेख दिसला की तो धनाचा 'बीजक' आहे अशी समजूत होते, आणि मग अमावास्येच्या रात्री कुदळी चालू लागतात. या कुदळींना सोने किती मिळाले ते कोणी सांगत नाही. परंतु देवळांचे उखडलेले गाभारे, फुटलेल्या मूर्ती आणि विद्रूप झालेल्या शिळा मात्र खेडोपाडी दिसतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने अक्षराखाली खणले, असा हा प्रकार आहे. तेव्हा पाहुण्यांच्या मुलांना शोधाची गोडी लावताना ती खणण्याची न लागता वाचण्याची लागावी, अशी काळजी यजमानाने घेतली पाहिजे. पुढील सात ठेवी आम्ही याच दृष्टीने निवडल्या आहेत. इंदूर हा मुक्काम धरला तर धार पश्चिमेस साठ-पासष्ट किलोमीटर आणि देवास ईशान्येस पस्तीस-चाळीस किलोमीटर. एकेक दिवस पुरेल. बाघसाठी मात्र वेगळा दिवस राखावा.

पहिली ठेव धारच्या लाट मशिदीपाशी आहे. दिलावरखान घोरीने १४०५ मध्ये बांधलेल्या या मशिदीला तिचे नाव मिळाले ते बाहेर पडलेल्या लोखंडी लाटेमुळे. लाटेचे तीन तुकडे ओट्यावर मांडून ठेवलेले आहेत. तिन्हींची एकत्र लांबी त्रेचाळीस फुटांहून अधिक भरते. दिल्लीत मेहरौली येथे असलेला सुप्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे चोवीस फुटांचा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे धारच्या लोहारांनी काय केले होते याची कल्पना येते. गुजरातच्या बहादुरशहाने ही लाट नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात ती पडून मोडली, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लोककथा निराळीच आहे. गांगी नावाच्या एका राक्षसी देहाच्या तेलिणीची ही तराजूची दांडी, असे लोक सांगतात. नालछ्याजवळच्या एका टेकडीला तेलणटेकडी म्हणतात तीही तिच्याचमुळे. 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. ती ऐकून मोठी झालेली मुले या लाटेपाशी आली की त्यांचे डोळे विस्फारतात.

येथे पाहुण्यांना दोन प्रश्न घालावेत. लाटेचा चौकोनी आकार कोठे संपतो आणि अठकोनी कोठे सुरू होतो ते पाहून, तिन्ही तुकडे मुळात कोणत्या क्रमाने जोडलेले असतील ते सांगावे. दुसरे, दक्षिणेच्या स्वारीवर जाताना अकबराचा मुक्काम येथे पडला होता. १५९८ सालचा त्याचा फारसी लेख लाटेवर कोरलेला आहे, तो शोधून काढावा. लाटेच्या माथ्यावर आणखी काही असले पाहिजे असे अभ्यासकांनी अनुमान केले आहे. तो चौथा भाग मात्र आजवर सापडलेला नाही.

दुसरी ठेव भोजशाळेतील. या वास्तूतील उपासनेचा प्रश्न दीर्घकाळ वादात आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुरातत्त्व विभागाने २०२४ मध्ये तेथे सर्वेक्षणही केले. या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. प्रवेशाचे दिवस व नियम आधी विचारून घ्यावेत, आणि पाहुण्यांना तेथे न्यायचे ते अक्षरांसाठी न्यावे, एवढेच आमचे सांगणे. येथील दोन स्तंभांवर सापाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि विभक्ति-प्रत्यय कोरलेले आहेत. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातील तक्ते रुक्ष वाटतात. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या कोणा गुरुजींनी ते सापाच्या अंगावर लिहून काढले. सापाचे शेपूट कोठे आहे आणि पहिले अक्षर कोठे, हा झाला येथला प्रश्न.

पण या जागेची खरी कथा त्याहून मोठी आहे, आणि ती आपल्या घरातील आहे. धार संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असलेले काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये येथील भिंतीत बसविलेली एक शिळा आढळली. तिची लेख असलेली बाजू आत वळलेली होती. ती पाहिली तेव्हा काळ्या दगडावर संस्कृत-प्राकृतातील एक नाटिका कोरलेली निघाली. तेराव्या शतकाच्या आरंभी राज्य करणाऱ्या अर्जुनवर्मा परमाराचे गुरू मदन, ज्यांना 'बालसरस्वती' अशी पदवी होती, त्यांनी ही 'पारिजातमंजरी' रचली आणि ती वसंतोत्सवात धारेतच खेळली जावयाची होती. नाटिका चार अंकांची. शिळेवर अंक दोनच. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत. ती शिळा अद्याप मिळालेली नाही. नाटकवेड्या मराठी माणसाला याहून मोठे कोडे कोणते घालावे? पडदा दुसऱ्या अंकावर पडला आणि मध्यंतर आठशे वर्षे लांबले आहे. ती शिळा कोठे तरी पायरी होऊन, पाटा-वरवंट्याचा पाटा होऊन, किंवा विहिरीच्या काठाचा दगड होऊन पडली नसेल असे कोणी म्हणावे! जुन्या धारेत हिंडताना पायाखालच्या दगडाकडे लक्ष ठेवावे, ते एवढ्यासाठी. दिसलेच काही, तर दगड हलवू नये. छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागास कळवावे.

धारची एक ठेव दूर देशी गेली आहे, तिचाही उल्लेख येथेच करावा लागतो. १८७५ मध्ये धारच्या जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत एक संगमरवरी देवीमूर्ती सापडली. ती १९०९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पीठावरील १०३४ सालच्या लेखात वाग्देवी आणि अंबिका ही दोन्ही नावे येतात. लोक तिला वाग्देवी म्हणून ओळखतात, तर लेख वाचणाऱ्या अनेक पंडितांनी ती जैन अंबिका ठरविली आहे. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांनी ही ठेव तिकडेच शोधावी आणि पीठावरील अक्षरांचे छायाचित्र आजोळी पाठवावे. इकडच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

तिसरी ठेव धारच्या किल्ल्यात. मुहम्मद तुघलकाच्या काळातील हा तांबड्या दगडाचा कोट गावातूनच दिसतो. आत खरबुजा महाल आहे. त्याला हे नाव का पडले ते कोणास न विचारता, केवळ पाहून सांगावे. राघोबादादांची धावपळ चालू असता आनंदीबाईंना या किल्ल्यात आश्रय मिळाला होता आणि १० जानेवारी १७७५ रोजी येथेच दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगावे. शेवटच्या पेशव्याची नाळ धारेत पुरली गेली आणि देह गंगेकाठी बिठूरला पडला. पुणे हा मधला मुक्काम.

याच किल्ल्यात खराखुरा खजिनाही सापडला होता. १८५७च्या ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने किल्ल्याला वेढा घातला. आतील शिबंदी महिनाअखेरीच्या एका रात्री निसटून गेली, आणि किल्ल्यात शिरलेल्या फौजेच्या हाती लक्षावधींचा ऐवज लागला. संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये बालवयीन राजे आनंदराव पवार यांस परत मिळाले. त्या ऐवजाच्या वाटणीचा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. ज्यांना धारचे सोने हवे असेल त्यांना नम्रपणे सांगावे की, आपण जरा उशिरा आलात.

चौथी ठेव आहे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांची. १८८४ मध्ये वसईस जन्मलेले फडके पुढे धारेस येऊन स्थायिक झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ मध्ये ते निवर्तले. त्यांची शिल्पशाळा 'फडके स्टुडिओ' या नावाने गावात प्रसिद्ध आहे. मुंबईच्या पाहुण्यांना आधी विचारावे, "गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा कोणी घडविला?" शंभरांत एखाद्यास सांगता येते. उत्तर धारेत आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटते. स्टुडिओ उघडा असल्याची खात्री करून जावे, आणि तेथील मूर्तींतून एखादा ओळखीचा चेहरा नाव न वाचता ओळखावा. मातीत माणसाचा स्वभाव कसा उतरतो, हे मुलांना तेथे कोणी शिकविल्याविना कळते.

पाचवी ठेव शहराबाहेर, निमाडच्या अंगाला, बाघ-कुक्षीच्या रानात. धारेहून नव्वद-शंभर किलोमीटरची वाट आहे. बाघच्या लेण्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. तेथील बहुतेक भित्तिचित्रे रक्षणासाठी १९८२ मध्ये काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली, हे मात्र सांगितलेले बरे, नाही तर पाहुणे हिरमुसतात. आम्ही जिच्याविषयी सांगत आहोत ती ठेव लेण्यांहूनही कित्येक पटींनी जुनी आहे. येथील खडकांत टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांची घरटी अंड्यांसकट शिलारूप झालेली आहेत. या भागातील ९२ घरटी आणि २५६ अंड्यांचा वृत्तान्त संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी ही अंडी मोठ्या नारळाएवढी, गोल गोट्यांसारखी दिसतात.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक वार्ता आली, ती आमच्या अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेले गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पूजीत आले होते. काकड म्हणजे शेताची शीव. शिवेचा आणि गुराढोरांचा राखणदार तो काकड भैरव. त्या गोट्यांपैकी काही डायनासोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांना पाहणीत आढळले. शहरातील काही लोक ही बातमी वाचून हसले. आम्हांस हसू आले नाही. ज्यांनी त्या दगडांना शेंदूर लावून नारळ वाढविला, त्यांच्यामुळेच ते खडी होण्यापासून वाचले. येथील प्रश्न असा: खरे अंडे आणि साधा गोटा यांतील भेद कशावरून ओळखावा? उत्तर जाणकार वाटाड्याकडून समजून घ्यावे. एक चकतीसुद्धा खिशात घालू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे.

आता देवास. येथे आल्यावर धनलोभी मनुष्याची प्रथम थट्टा करावी. नोटांचा छापखाना, म्हणजे बँक नोट प्रेस, या गावात १९७४ पासून आहे. 'कॅश' शब्दाचा आजीने केलेला अर्थ धरला, तर सगळ्या हिंदुस्थानात यापरते योग्य गाव थोडेच सापडेल. फाटकाच्या आत मात्र कोणाला जाता येत नाही. तेव्हा थेट टेकडीकडे वळावे.

सहावी ठेव ती ही माताजींची टेकडी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देव्या आहेत. लोक त्यांना थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात. खालच्या गावाचीही तीच तऱ्हा होती. १७२८ च्या सुमारास तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंनी येथे आपला अंमल बसविला आणि पुढे एकाच गावात दोन राज्ये नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन वाडे, दोन कचेऱ्या. गावातल्या रस्त्यातून दोन राज्यांची हद्द गेलेली. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे खासगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्या दिवसांची हकीकत सांगणारे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, त्याला त्यांनी नावच या देवीच्या टेकडीचे दिले. परदेशच्या पाहुण्यांना ते पुस्तक आधी वाचून येण्यास सांगावे.

या टेकडीचा प्रश्न पायांनी सोडवावयाचा आहे. वर जाऊन गावाकडे पाहावे आणि जुनी हद्द कोठून गेली असेल त्याचा अंदाज बांधावा. मग खाली उतरून एखाद्या वृद्ध रहिवाशास विनयाने विचारावे, "आजोबा, आपले घर कोणत्या पातीत?" उत्तर देणारी पिढी आता थोडी उरली आहे. परतताना मिठा तलावाजवळच्या पवारांच्या छत्र्या पाहाव्यात. त्यांचे दगडी काम मराठी धाटणीचे आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्याला ते आपले वाटते.

सातवी ठेव डोळ्यांची नसून कानांची आहे. १९४८च्या जानेवारीत एक तरुण गवई कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, बालपणीच कीर्ती मिळविलेला, आणि आता क्षयाने अंथरुणाला खिळलेला. गाण्यास मनाई होती. कुमार गंधर्वांनी ती वर्षे ऐकण्यात घालविली. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजने, लग्नातली आणि मोसमातली माळवी गीते त्यांनी कानांत साठविली. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा या धुनांमधून नवे राग उगवले होते. 'अनूपरागविलास' हा त्यांच्या रचनांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये देवासलाच त्यांनी देह ठेवला. टेकडीच्या पायथ्याचे 'भानुकुल' हे त्यांचे घर आहे. ते राहते घर आहे, तेव्हा बाहेरूनच नमस्कार करावा. त्याच गावात त्यांच्या आधी उस्ताद रजबअली खाँ साहेब राहत होते आणि १९५९ मध्ये येथेच वारले, हेही पाहुण्यांस सांगावे.

कुमारांनी जे ऐकले ते अनेक वर्षे प्रत्येकाच्या दारावरून जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत असते. त्यांना अंथरुणावर पडल्या पडल्या कळसा दिसला. म्हणून येथील कामगिरी अशी: टेकडीच्या वाटेवर एखाद्या पायरीशी पंधरा मिनिटे गप्प बसावे, आणि कानावर पडलेली एक तरी धून घरी येऊन गुणगुणून दाखवावी. पडद्यावर बोट फिरविण्याची सवय जडलेल्यांना सातांतील ही सर्वांत अवघड जाते, असा आमचा अनुभव आहे.

यजमानांनी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. प्रत्येक मुलास एक वही आणि पेन्सिल द्यावी. प्रश्न आधी सांगावा, उत्तर सांगू नये. शिळेवर खडू, तेल किंवा पाणी लावून अक्षरे उठविण्याचा प्रयत्न करू देऊ नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप स्पष्ट दिसतात. पाण्याची बाटली, टोपी आणि परत आणण्यासाठी कचऱ्याची पिशवी बरोबर असावी. देवस्थानी व दर्ग्यात तेथील रीत पाळावी. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कोणीही पराक्रम करू नये.

या सात ठेवी सांगून झाल्यावर एका आठव्या ठेवीविषयी लिहिल्याविना आमच्याने राहवत नाही. ती पाहुण्यांना दाखवावयाची नाही. ती आपण स्वतः पाहावयाची आहे. पवारांच्या मागे जी कुटुंबे माळव्यात आली, फडणिशी-चिटणिशीची, पूजेअर्चेची, शिलेदारीची कामे करीत राहिली, त्यांतील कित्येक घरांत माळ्यावर एखादी लोखंडी ट्रंक किंवा लाकडी पेटी अद्याप आहे. तिच्यात मोडीत लिहिलेले कागद असतात: सनदा, वतनाचे निवाडे, लग्नाच्या याद्या, उसनवारीची टिपणे, काशीस गेलेल्या आजेसासूबाईंनी लिहून घेतलेली पत्रे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि त्या कागदांना वाचक उरला नाही. आता घरे पाडून सदनिका होत आहेत. सामान हलविताना ही ट्रंक उघडली जाते. आत सोने नाही असे पाहून तिच्यातील कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.

कुदळ घेऊन देवळाखाली खणणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. त्याच्यात आणि कागद किलोवर विकणाऱ्या सुशिक्षितात फरक तो कितीसा? दोघांनाही लेख दिसला आणि दोघांनाही तो वाचता आला नाही. लेल्यांना भिंतीत नाटक सापडले, कारण त्यांना दगडावरचे अक्षर वाचता येत होते आणि ते वाचावे असे वाटत होते. आपल्या माळ्यावर 'पारिजातमंजरी' नसेल. परंतु आपल्या खापरपणजीचे माहेर कोणते, दुष्काळात घराने कोणाचे कर्ज काढले, थोरल्या पातीतून धाकट्या पातीत मुलगी देताना हुंडा किती ठरला, हे त्या कागदांखेरीज आता कोण सांगणार? आजी सांगत असे ते आजीबरोबर गेले.

तेव्हा ट्रंक उघडावी. कागद ऊन न लागेल अशा कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवावेत. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. प्रत्येकाचे छायाचित्र काढावे; त्यासाठी पाहुण्यांचा तोच भ्रमणध्वनी उत्तम कामाचा आहे. मोडी आठ-पंधरा दिवसांच्या अभ्यासाने ओळखू येऊ लागते आणि सहा महिन्यांत बरी वाचता येते. घरात ते करण्यास कोणीच नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा आपल्या जवळचे सीतामऊचे नटनागर शोध संस्थान यांसारख्या ठिकाणी विचारणा करावी. काही झाले तरी वाचून घेण्याआधी एकही कागद घराबाहेर जाऊ देऊ नये.

आपापल्या गावातील अशाच बिनडब्याच्या ठेवी वाचकांनी आम्हांस अवश्य कळवाव्यात. ठेव कोठे, तेथे काय पाहावे आणि प्रश्न कोणता, एवढे तीन मुद्दे पोस्टकार्डावर मावतात. खासगी घराचा पत्ता मात्र मालकाच्या संमतीविना लिहू नये. निवडक ठेवी पुढील अंकांतून देऊ. ज्यांच्या ट्रंकेतून काही वाचण्याजोगे निघेल त्यांनी तेही लिहावे. मूळ कागद न पाठविता नक्कल पाठवावी.